पाडल्यावर हात

बर्फावर सांडलेलं रक्त पुसून निघत नाही. ते आत मुरतं, गुलाबी होतं आणि तिथेच गोठतं. मग पात्याने खरवडावं लागतं. लेहच्या आमच्या रिंकवर, यंत्राने बारमाही गोठवलेल्या मैदानावर, असं खरवडायची वेळ फारशी यायची नाही, आणि जामवाल सरांचं दुःख नेमकं तेच होतं.

"दाभाडे मॅडम, मेरी लडकियाँ हॉकी नहीं खेलतीं," शिट्टी दातात धरून ते म्हणत. "मेहमाननवाजी करती हैं."

सर भारतीय महिला आइस हॉकी संघाचे प्रशिक्षक, मी फिजिओ. माझी मुलगी ओवी त्याच संघात पुढच्या फळीत खेळायची. ती सांगलीत, सिमेंटवर, चाकांच्या स्केटवर वाढलेली. बर्फावर सुटायची वाऱ्यासारखी, पण थांबता यायचं नाही. सरळ कठड्यावर जाऊन आदळायची. पाती आडवी टाकून जागच्या जागी थांबायला तिला आमच्या कर्णधाराने, डिस्कितने शिकवलं. बदल्यात ओवीने तिला मराठी बोलायला शिकवलं, म्हणजे काय शिकवलं ते मला लवकरच कळलं.

"आमा-ले," एकदा घोट्याला पट्टी बांधून घेताना डिस्कितने विचारलं, "भवाने म्हणजे काय?" लडाखी मुली मला आमा-ले म्हणत. आमा म्हणजे आई, आणि ले म्हणजे आपला जी.

खोटं बोलायचं नाही असा माझा नेम आहे. "देवीचं नाव आहे, बाळा," मी म्हटलं. "पण ओवी म्हणते तसं घेऊ नकोस."

ओवी पोट धरून हसत होती.

संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, गावातल्या गोठलेल्या तळ्यांवर खेळत मोठ्या झालेल्या. तळ्यावर एक रीत असते. ज्याने पाडलं, त्यानेच उचलायचं, आणि ताबडतोब. बर्फ कुठे पातळ असेल सांगता येत नाही. पडलेल्याच्या अंगाखाली तडा गेला, तर मदत आणायला धावेपर्यंत माणूस पाण्याखाली जातं. त्यामुळे कुणाला पाडलं की या मुलींचा हात आपोआप पुढे व्हायचा. डोक्याला विचारायच्या आधीच.

पूर्वी ते चालून गेलं. पण त्या वर्षापासून मुलींच्या खेळातही अंगाने धडक द्यायला परवानगी मिळाली, आणि आमचं हसं व्हायला लागलं. एका सामन्यात डिस्कितने समोरच्या मुलीला खांद्याने उडवलं. चेंडूऐवजी असते ती रबरी चकती हिच्या काठीशी, पुढे मोकळा गोल. ही मागे वळली आणि हात दिला. त्या मुलीने हात धरला, उठली, आणि उठता उठता काठीचं टोक डिस्कितच्या शिरस्त्राणाच्या जाळीखालून वर घातलं. डिस्कितचे पुढचे दोन दात मी बर्फावरून उचलले.

त्या हिवाळ्यात आम्ही एकही सामना जिंकलो नाही. पुढच्या हिवाळ्यात ऑलिंपिकसाठीची पात्रता फेरी होती.

उन्हाळ्यात पुण्याहून डॉ. निमकर आल्या. मेंदूवर काम करणाऱ्या, आखूड केसांच्या, मोठ्याने हसणाऱ्या बाई. लेहला उतरल्या उतरल्या धाप लागून माझ्याच खोलीत आडव्या झाल्या आणि आडव्या असतानाच त्यांनी मला सगळं समजावलं.

"दुसऱ्याला लागताना बघितलं की आपण 'आई गं' म्हणतो ना, अनघाताई? ते नुसतं बोलणं नसतं. कपाळाच्या मागे, मेंदूच्या दोन भागांच्या बेचक्यात एक जागा आहे. आपल्याला चटका बसला की ती जागी होते, आणि दुसऱ्याला बसताना दिसला तरी तीच जागी होते. तिथून हाताला निरोप जातो, थांब. तुमच्या मुलींची ती जागा जरा जास्तच तिखट आहे. अर्धा क्षण जातो त्यात, आणि या खेळात अर्धा क्षण म्हणजे गोल."

"मग?"

"मग ती झोपवायची. पोटातलं बाळ बघायला ज्या ध्वनिलहरी वापरतात, त्याच. भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणतो तशा एका बिंदूवर आणायच्या. काही जळत नाही. तिथल्या पेशी फक्त गप्प होतात, एक सामना संपेपर्यंत. रग तीच, बुद्धी तीच. फक्त तो निरोप जात नाही."

त्या उठून बसल्या. "सर्जनचा हात पोट फाडताना का थरथरत नाही? त्याचीही ती जागा गप्प झालेली असते. त्याला सरावाने वर्षं लागतात, मी वेणी घालायच्या वेळात करते. यात राक्षसी काही नाही हो."

"आणि नंतर ती जागा जागी होते?"

"होते." त्या जरा थांबल्या. "उपाशी असते थोडी. झोपेत जे चुकलं ते नंतर मागून घेते. पण सोसण्याइतकंच."

बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तेवढंच ठाऊक होतं.

सरांनी मुलींना विचारलं, कुणाला हवं? पहिला हात डिस्कितने वर केला. तिचे नवे दात शेजारच्या दातांपेक्षा पांढरे होते.

त्या ध्वनिलहरी सोडणारी पट्टी लावायचं काम माझ्याकडे आलं. केसांचा नीट भांग पाडायचा, भांगात थंडगार जेल घालायचं, त्यावर बोटभर रुंदीची पट्टी, आणि वरून घट्ट वेणी. मुली माझ्या गुडघ्यांमध्ये एकामागून एक येऊन बसत. शनिवारी डोक्याला तेल लावायला बसावं तशा. डोळे मिटत. पट्टी बारीक गुणगुणायची. गुणगुण थांबली की मुलगी डोळे उघडायची आणि माझ्याकडे बघायची, आणि त्या बघण्यात मी म्हणजे खुर्ची किंवा खिडकी असावी तसं काहीतरी असायचं.

सरावाचा आवाज बदलला. आधी पात्यांची करकर आणि हसणं ऐकू यायचं. आता कठड्यावर शरीरं आदळल्याचे धप्प आवाज येत, आणि मधे काहीच नाही. कुणी ओरडत नव्हतं, कुणी शिवी देत नव्हतं. नाकं फुटली, कोपरं निखळली. जामवाल सर पहिल्यांदा खूश दिसले. महिन्याभरात आम्ही सेनादलाच्या मुलांच्या संघाला हरवलं. त्यांच्या गोलरक्षकाचं मनगट मीच सरळ केलं.

एकदा सराव संपवून ओवी माझ्या खोलीत जेवायला आली. पट्टी काढली होती, पण अंमल उतरायचा होता. कुकरचं झाकण काढताना वाफेचा झोत माझ्या मनगटावर आला. मी किंचाळले. ओवी संत्रं सोलत बसली होती. तिने वर बघितलं.

"आई, कातडं निघतंय," ती म्हणाली. दूध उतू जातंय असं सांगावं, तितक्याच आवाजात. मग तिने फोड तोंडात टाकली.

मी हात पाण्याखाली धरून उभी होते. थोड्या वेळाने मागून विचित्र आवाज आला. ओवी खाली कोसळली होती, संत्र्याची सालं मुठीत आवळलेली. सरपटत आली आणि माझा पाय धरला.

"मला दिसत होतं, आई. सगळं दिसत होतं. मला फक्त... त्याचं काही नव्हतं."

"होतं असं पट्टीने," मी म्हटलं. "ऊठ. मलम आण."

तिने आणलं, पण त्या कातड्याला बोट लावणं तिला जमेना. शेवटी मीच लावलं.

निवड सामना दसऱ्यानंतर होता. आमच्यातूनच दोन संघ केले होते, एकीकडे ओवी, दुसरीकडे डिस्कित. पात्रता फेरीला पुढच्या फळीत डाव्या बाजूची एकच जागा होती आणि ती दोघींपैकी एकीला मिळणार होती. सकाळी दोघी एका ताटात मॅगी खाताना मी पाहिल्या. "तू जाशील गं, भवाने," डिस्कित म्हणत होती. "मी म्हातारी झाले." तेवीस वर्षांची होती ती.

मग दोघी माझ्यासमोर बसल्या, एकीमागून एक. मीच भांग पाडले.

डिस्कित चकती घेऊन कठड्याच्या कडेने निघाली होती. ओवी समोरून आली. पहिल्या धडकेत डिस्कितच्या शिरस्त्राणाचा पट्टा तुटला आणि ते जाळीसकट घरंगळत गेलं. ती गुडघ्यावर होती, तोंड उघडं, चकती तिच्या पायांशी अडकलेली. चकती काढायची तर मधलं डोकं बाजूला व्हायला हवं होतं. ओवीने दोन्ही हातांनी काठी आडवी धरली आणि ते बाजूला केलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. डिस्कितचा जबडा एका बाजूला गेला आणि तिथेच राहिला. ओवीने चकती ओढली, वळली आणि गोल केला.

तिच्या बाजूच्या मुलींनी काठ्या आपटल्या. खेळ पुढे सुरू झाला. सरांच्या तोंडात शिट्टी होती, पण त्यांनी ती वाजवली नाही. त्यांनी अजून तो गोलच बघितला होता. डिस्कित बर्फावर पडून स्वतःच्या रक्ताने गुदमरत होती आणि अकरा मुली तिच्या भोवतीने, वाटेतल्या दगडाला वळसा घालावा तशा सफाईने खेळत होत्या. एकीचं पातं तिच्या बोटांवरून गेलं. मी बूट घालून धावले, पडले, रांगत पोचले. तिला कुशीवर वळवलं आणि बोटं घालून घशातलं रक्त मोकळं केलं. तिचे डोळे उघडे होते. त्यांतही काही नव्हतं. तिलाही मीच पट्टी लावली होती.

अंमल उतरला तेव्हा मुली कपडे बदलायच्या खोलीत होत्या. दारातून आधी एकीच्या ओकण्याचा आवाज आला, मग सगळ्यांचा. कुणी भिंतीवर कपाळ आपटत होती, कुणी स्वतःच्या दंडाला चावत होती. ओवी कोपऱ्यात बसून होती. रडत नव्हती. माझ्या पिशवीतून तिने पट्टी काढून घेतली होती आणि ती कोरड्या केसांवर दाबत होती.

"लाव ना, आई. परत लाव."

"सामना संपला, ओवी."

"मला दिसतीये ती. आवाज येतोय. लाव ना गं!"

तेव्हा मला कळलं, पट्टीने नक्की काय केलं होतं ते. मारण्याआधीची दया झोपवली होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मारल्यानंतरचा पश्चात्तापही त्याच जागी राहतो, हे कुणी मोजलंच नव्हतं. पट्टीने झालेली जखम पट्टीच तेवढी बंद करत होती. त्या आठवड्यात किती मुली सराव नसताना माझ्याकडे पट्टी मागायला आल्या, ते मी सरांना सांगितलं आणि निमकरबाईंना सांगितलं. यापुढे माझ्या हाताने लावणार नाही, हेही सांगितलं.

निमकरबाई हसल्या नाहीत. "माझा निबंध छापून वर्ष झालं, अनघाताई. आपण थांबलो तरी बाकीचे थांबणार नाहीत. बिनपट्टीच्या मुलींना त्यांच्यासमोर सोडू?"

मी पट्ट्यांची पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी स्वतः भांग पाडायला सुरुवात केली.

पात्रता फेरी कझाकस्तानात अल्माटीला झाली. आम्ही जिंकत गेलो. शेवटच्या सामन्यातल्या संघाचं नाव मी लिहीत नाही. त्या मुलींनाही आया आहेत. त्या मैदानात उतरल्या तेव्हाच निमकरबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "डोळे बघा." मी ते डोळे ओळखले.

त्याआधी, सकाळी, ओवी माझ्या खोलीत आली होती. मी दिवा लावून नुकतीच उठले होते. तिने पट्टी माझ्यापुढे धरली.

"बाईंच्या हाताने नीट बसत नाही. तू लाव."

"नाही लावणार."

"आज नको ना हट्ट करूस. समोरच्या मुलीही लावून खेळतात, मी पाहिलंय. मला फाडतील त्या."

"हो. फाडतील," मी म्हटलं. "बाईंकडे जा हवं तर. तू मोठी आहेस, मी अडवत नाही. एवढंच सांग, डिस्कितला भेटलीस?"

तिने निरांजनच उचलून भिंतीवर फेकलं. तेल उडालं, वात विझली. "पट्टी असली तर जाऊ शकते!" ती ओरडली. "नसली तर नाही जाता येत! तुला कळत कसं नाही?"

"आणि पट्टी लावून गेलीस, तर तिला भेटायला कोण गेलं असेल?"

माझा आवाज काही चढला नव्हता. तो चढत नाही. भिंतीवरून तेल ओघळत होतं. तिने निरांजन उचललं, ओढणीने पुसलं, जागेवर ठेवलं, आणि माझ्या गुडघ्यांमध्ये येऊन बसली.

"नुसती वेणी घाल," ती म्हणाली. "तेल लावून."

मी हाताने तेल चोपडलं. मग घट्ट वेणी घातली.

त्या सामन्याचं वर्णन मला नीट करता येणार नाही. पहिल्या भागातच ओवीच्या दोन बरगड्या गेल्या. प्रत्येक धडकेआधी तिचा तो अर्धा क्षण परत आला होता, आणि त्या अर्ध्या क्षणात समोरची मुलगी तिला तुडवून जायची. तिने कुणाला पाडलं की तिचा हात पुढे व्हायचा आणि त्या हातावर काठी बसायची. बाकीच्या मुली, आमच्या आणि त्यांच्या, एकमेकींना मुकाट फोडत होत्या. एकीचा कान पात्याने अर्धा उतरला. तिने तो हाताने दाबला आणि खेळत राहिली. पंच मुलींना बाहेर बसवून दमले. खेळ सारखा थांबवून रक्त खरवडत होते, आणि सामना लांबत गेला. शेवटी बरोबरी झाली आणि जादा वेळ लागला.

निमकरबाईंनी घड्याळ बघितलं. चेहरा पांढराफटक झाला. "एवढा वेळ कधी धरलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "उतरतोय. दोन्हीकडे."

जादा वेळेत बर्फावर प्रत्येकी तीनच मुली आणि गोलरक्षक असतात. आमच्यात ओवी होती, कारण चालू शकतील अशा तीनच उरल्या होत्या. चकती तिच्याकडे आली. ती वाकडी होऊन, एका हाताने बरगड्या धरून निघाली, आणि तिला कुणीच अडवलं नाही.

मैदान थांबलं होतं. त्यांची एक मुलगी आपल्या काठीला चिकटलेल्या केसांकडे बघत होती. आमची एक गुडघ्यांवर बसून बर्फ ओरबाडत होती. दोन्ही बाकांवरून एकदम जे रडणं उठलं, ते मी तोवर कुठल्या स्मशानातही ऐकलं नव्हतं. त्यांची गोलरक्षक गोलाच्या लोखंडी खांबाला धरून बसली होती. शिरस्त्राण काढून फेकलेलं. ती खांबावर डोकं आपटत होती. जोर लावून, पुन्हा पुन्हा.

पुढे मोकळा गोल होता. एवढंच ढकलायचं होतं. ऑलिंपिक तिथे, त्या जाळीत होतं.

"मार!" जामवाल सर फाटक्या आवाजात ओरडले. "ओवी, मार!"

या मुली आत्ता जिथे उभ्या होत्या, तिथे माझी मुलगी निवड सामन्यापासून उभी होती. त्या संबंध रिंकवर ते अंगावर घेऊन चालता येणारी ती एकटीच होती. तिने काठी टाकली. हातमोजा काढला. आणि खांब व डोकं यांच्या मधे आपला तळहात घातला. पुढचा तडाखा हातावर बसला, त्याच्या पुढचाही. दोन बोटं मोडली. तिने हात काढला नाही. ती मुलगी थांबेपर्यंत नाही.

चकती घरंगळत कठड्याला लागली आणि पंचांनी शिट्टी वाजवली.

दोन्ही संघ बाद झाले. पट्टीवर बंदी आली. निमकरबाई पुण्याला गेल्या. आता त्या, अंमल उतरल्यावर ज्या मुली सावरल्या नाहीत त्यांच्यावर उपचार शोधतात. दर रविवारी मला फोन करतात. हसतातही, पण हळू.

लेहला परतल्यावर ओवी दवाखान्यात गेली. डिस्कितचा जबडा दुसऱ्यांदा जोडून तारांनी बांधलेला होता, ती नळीने सूप घेत होती. ओवी पलंगाच्या कडेला उभी राहिली. डिस्कितने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. ओवी रोज गेली. डिस्कित रोज वळली. तारा निघाल्या, ती गावी गेली, हिवाळा सरला. तिने एक शब्द टाकला नाही.

पुढच्या मोसमाच्या पहिल्या सरावाला ती आली. जबड्यात पत्रा, तोंड जरा डावीकडे ओढलेलं. कुणाशी न बोलता स्केट बांधले आणि बर्फावर उतरली.

ओवी चकती घेऊन कठड्याच्या कडेने निघाली होती. डिस्कित समोरून आली. ती आपल्यावर येतेय हे ओवीने पाहिलं. वळायला जागा होती. ती वळली नाही.

धडक अशी बसली की कठड्याची काच तडकली. ओवी हवेत उलटली आणि पाठीवर पडली. जाळी वाकून आत गेली होती आणि तोंडातून रक्त येत होतं. सगळ्या मुली थिजल्या. मी पेटी उचलून धावायला निघाले होते.

डिस्कितने पाती आडवी टाकली. बर्फाचा फवारा उडाला आणि ती जागच्या जागी थांबली. तिची छाती वरखाली होत होती. काठीवरची तिची मूठ पांढरी पडली होती, आणि ओवीचा गळा खाली उघडा होता. अर्धा क्षण गेला.

मग तिने हात पुढे केला.

"ऊठ," वाकड्या तोंडाने ती म्हणाली. "ऊठ, भवाने. बर्फ पातळ असतो."

ओवीने एक दात बर्फावर थुंकला आणि हात धरला.

मी पेटी खाली ठेवली.